होडी दिसली पाहिजे



मासेमारी हा विषय आपल्या किनाऱ्याला नवा नाही. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव, उत्तन येथील आपले कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या डोल लावून बोंबील, जवळा, मांदेली पकडत आले आहेत. डोलीला आमिष लागत नाही. पिशवीसारखे ते जाळे समुद्रात एका जागी बांधलेले असते. भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे त्याचे तोंड असते आणि पाण्याबरोबर वाहत येणारी मासळी त्यात शिरते. गळाची गोष्ट मात्र निराळी आहे. गळाला आमिष लावावे लागते, आणि आमिष म्हटले की फसवणूक आलीच. म्हणूनच 'गळाला लागणे', 'आमिष दाखवणे', 'आमिषाला बळी पडणे' हे शब्दप्रयोग आपण माशांपेक्षा माणसांबद्दलच अधिक करतो. आमिष या शब्दाचा जुना अर्थ मांस असा आहे. सामिष व निरामिष जेवण असे आपण म्हणतो ते त्याच अर्थाने. आज मात्र लालूच या अर्थानेच तो शब्द आपल्या तोंडी अधिक असतो.

या रविवारी आपण एका प्रश्नाचा विचार करू या. हेतू चांगला असेल तर माणसाला आमिष दाखवलेले चालते काय? मुलाला मिस्साला आणण्यासाठी, गरिबाला मदत करताना, एखाद्याला प्रभूकडे वळवण्यासाठी आमिषाचा उपयोग केला तर त्यात गैर काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो नीट समजावा म्हणून आम्ही दूरच्या एका सरोवरातील मासेमारीचे उदाहरण घेत आहोत.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमाभागात पाच महासरोवरे आहेत. त्यांपैकी एरी हे सर्वांत उथळ. त्याची लांबी सुमारे ३८८ किलोमीटर आहे, पण जास्तीत जास्त खोली अवघी ६४ मीटर. या सरोवरात वॉलाय नावाचा एक चवदार मासा मिळतो. त्याचे डोळे काचेसारखे चमकतात आणि अंधुक उजेडातही त्याला चांगले दिसते. तेथील हौशी मच्छीमार या माशासाठी 'ट्रोलिंग' करतात. आपल्याकडील ट्रॉलरची मासेमारी ती ही नव्हे. ट्रॉलर मोठे जाळे ओढतो. ट्रोलिंगमध्ये होडी अगदी सावकाश, चालत्या माणसाच्या वेगाने किंवा त्याहूनही हळू पुढे जात राहते आणि तिच्यामागे दोऱ्यांना बांधलेली आमिषे ओढली जातात. आमिष बहुधा लाकडाचे वा प्लास्टिकचे, रंगवलेले, लहान माशासारखे दिसणारे असते.

यात एक अडचण येते. होडीचा आवाज व सावली यांमुळे उथळ पाण्यातले मासे बिचकतात आणि दोन्ही बाजूंना पांगतात. होडीच्या थेट मागून येणारे आमिष मग रिकाम्या पाण्यातून जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही अडचण आणखी वाढली. युरोपातून येणाऱ्या जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर झेब्रा मसल नावाचे छोटे शिंपले या सरोवरांत आले आणि झपाट्याने पसरले. असा एकेक शिंपला दिवसाला सुमारे एक लिटर पाणी गाळतो. कोट्यवधी शिंपल्यांनी पाणी गाळल्यामुळे सरोवर पूर्वीपेक्षा नितळ झाले. पाणी नितळ झाले तशी माशांना होडी अधिक स्पष्ट दिसू लागली.

या अडचणीवर वापरले जाणारे साधन म्हणजे प्लेनर बोर्ड, म्हणजेच बाजूला सरकणारी तरंगती फळी. लहान फळी वीतभर ते फूटभर लांबीची असते. तिला दोरा असा तिरका जोडतात की होडी पुढे निघाली की पाण्याचा दाब फळीला बाहेर ढकलतो. पतंगाचे तत्त्वही हेच आहे. वारा पतंगाला दूर ढकलतो आणि मांजा त्याला धरून ठेवतो, म्हणून पतंग वर चढतो. ही फळी वर न चढता बाजूला चढते, एवढाच फरक. ट्रॉलरच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंना ज्या मोठ्या फळ्या लावतात, त्याही याच तत्त्वावर चालतात. अशा रीतीने प्लेनर बोर्ड आमिषाला होडीपासून वीस, तीस मीटर किंवा त्याहूनही दूर, न बिचकलेल्या पाण्यात घेऊन जातो.

आमिषाच्या खोलीचाही हिशेब असतो. फळी स्वतः पाण्यावरच तरंगते. तिच्यामागे किती दोरा सोडला, आमिषाच्या तोंडाशी असलेली पट्टी केवढी आहे, मध्ये शिशाचे वजन लावले की नाही आणि होडीचा वेग किती आहे, यांवर आमिष किती खोल जाईल ते ठरते. दोरा मोजण्यासाठी रिळावर आकडे असतात. मच्छीमार आधी ठरलेल्या मापाने आमिष सोडतो, मग दोऱ्याला फळी अडकवतो आणि फळीला बाजूला जाऊ देतो. यंत्रावर मासे ज्या खोलीवर दिसतात तिच्या किंचित वर तो आमिष ठेवतो, कारण वॉलाय बहुधा वर पाहून भक्ष्यावर झेपावतो. होडी वळली की आतल्या बाजूची फळी मंदावते व बाहेरच्या बाजूची वेग घेते. त्या वेळी कोणत्या बाजूचे आमिष माशाने घेतले, त्यावरून माशांना आज कोणता वेग आवडतो आहे हे त्याला कळते. मासा लागला की फळी मागे खेचली जाते. काही फळ्यांवर छोटे निशाण असते, ते खाली पडते.

हे कौशल्य खरोखर वाखाणण्यासारखे आहे. पण त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. आमिष माशाच्या भुकेच्या खोलीवर न्यायचे. आणि ज्या होडीतून ते आले ती होडी माशापासून दूर ठेवायची. माशाला होडी जवळून दिसते तेव्हा गळ तोंडात रुतलेला असतो आणि उशीर झालेला असतो.

यात पाप आहे काय? नाही. मनुष्याने अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा त्यांचे प्राण घेणे मात्र मानवाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तो बजावतो. निसर्ग देवाने आपल्या स्वाधीन केला आहे तो सांभाळण्यासाठी. म्हणून एरी सरोवरात एका माणसाने दिवसाला किती वॉलाय पकडावेत याला मर्यादा आहे. सरोवराभोवतीची चार अमेरिकन राज्ये आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत एकत्र बसून दर वर्षी या माशाचा एकूण वाटा ठरवतात. त्या मर्यादेत राहून, खाण्यापुरता मासा पकडण्यासाठी कोणी फळी लावली, तर त्याने कोणाचा अपराध केला असे म्हणता येणार नाही. प्रभूनेही एकदा पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकायला सांगितले होते. पहिल्या माशाच्या तोंडात नाणे मिळेल आणि त्यातून मंदिराची पट्टी भागेल, असे तो म्हणाला. गळाचा हा प्रसंग मत्तयच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात आहे.

आता त्याच सरोवराच्या काठी घडलेली एक घटना पाहू. ३० सप्टेंबर २०२२ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात वॉलाय पकडण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. पकडलेल्या माशांचे वजन ज्यांचे सर्वांत जास्त, त्यांना पहिले बक्षीस. ते २८ हजार डॉलरहून अधिक होते. दोघा स्पर्धकांचे मासे आकाराच्या मानाने फार जड भरले. परीक्षकाला संशय आला. त्याने सर्वांसमोर माशांची पोटे चिरली, तर आत शिशाचे गोळे निघाले आणि दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडेही निघाले. जमलेले मच्छीमार संतापले. प्रकरण न्यायालयात गेले. २०२३ साली दोघांनी गुन्हा कबूल केला, त्यांना दहा दिवसांची कैद झाली आणि होडीही गमवावी लागली.

जरा विचार करा. त्या दिवशी तेथे जमलेला प्रत्येक जण दिवसभर माशांना फसवूनच आला होता. रंगवलेल्या तुकड्याला त्याने मासा म्हणून खपवले होते. त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावला नाही. पण माणसांना फसवल्याचे उघड होताच सारे खवळले. त्यांची गल्लत झाली काय? मुळीच नाही. त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीने अचूक रेषा ओढली. मासा भुकेने चालतो. समोर दिसले की झेपावणे हा त्याचा स्वभाव आहे. हे का, हे कोणाकडून, याचे पुढे काय होईल, असे प्रश्न तो विचारत नाही. माणूस मात्र हे प्रश्न विचारू शकतो. देवाने त्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले ते बुद्धी आणि स्वेच्छा देऊन. खरे काय ते जाणून घेऊन मग हो किंवा नाही म्हणणे हा त्याचा अधिकार आहे. जो त्याच्यापासून सत्य लपवून त्याच्याकडून 'हो' मिळवतो, तो त्याची बुद्धी बाजूला सारून केवळ त्याच्या भुकेशी व्यवहार करतो. म्हणजेच तो माणसाला माशासारखे वागवतो. आमिषातील खरा अपराध हा आहे. पुढे त्यातून नुकसान झाले की फायदा, हा नंतरचा प्रश्न.

आणि आज माणसांसाठी लावलेल्या फळ्या थोड्या नाहीत. मोबाईलवर बक्षीस लागल्याचा निरोप येतो, तो पाठवणारी होडी कोठे आहे ते कळत नाही. परदेशी चांगल्या पगाराची नोकरी म्हणून तरुणांना नेले जाते आणि तेथे गेल्यावर त्यांना लोकांना फसवण्याच्याच कामाला जुंपले जाते. म्यानमारमधील अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने विमानाने परत आणले. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट दारात येते. जमिनीचा सौदा करू पाहणारा माणूस म्हाताऱ्या मालकाची विचारपूस करायला मिठाई घेऊन येतो. कागद तो तिसऱ्या भेटीत काढतो. या सर्वांत पद्धत एकच आहे. आमिष जवळ, होडी दूर. आणि खोलीही नेमकी साधलेली असते. बेकाराला नोकरीचे, कर्जबाजाऱ्याला पैशाचे, एकाकी वृद्धाला गोड शब्दांचे आमिष. ज्याची भूक जितकी खोल, तितका दोरा सोडायचा.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात मोहाचे वर्णन करताना मूळ ग्रीक भाषेत जो शब्द वापरला आहे, तो गळाच्या आमिषावरूनच आलेला आहे. माणूस स्वतःच्याच वासनेने ओढला जातो आणि भुलतो, असे तो सांगतो. मोह आवाज करत येत नाही. होडी गडगडत आली असती तर आपण पळालो असतो. मोह बाजूने, नितळ पाण्यातून, आपल्याच खोलीवर येतो. म्हणून काही हवेसे वाटले की हात पुढे करण्याआधी दोरा कोठून आला आहे ते पाहावे, हा विवेक आपण मुलांना लहानपणापासून शिकवला पाहिजे.

येथवर बहुतेकांचे एकमत होईल. अवघड प्रश्न यापुढे आहे. हेतू चांगला असेल तर काय? आजारी मुलाला आई गुळात घालून औषध देते. ते मूल फसवले गेले, पण बरे झाले. मग चांगल्यासाठी थोडे फसवले तर काय बिघडले?

हा प्रश्न ख्रिस्तसभेतही फार जुना आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानात होऊन गेलेल्या निस्साच्या संत ग्रेगरीने आपल्या तारणाचे वर्णन चक्क गळाच्या दृष्टान्ताने केले. ख्रिस्ताचे मानवी शरीर हे आमिष, त्याखाली दडलेले देवत्व हा गळ, आणि ते आमिष गिळून सैतान अडकला, असे त्याने लिहिले. पण ग्रेगरी प्रामाणिक होता. देवाने अशी फसवणूक करावी हे न्यायाला धरून आहे काय, असा प्रश्न त्याने स्वतःच उपस्थित केला. त्याचे उत्तर असे की विष घालणारा आणि औषध घालणारा दोघेही अन्नात काही मिसळतात, पण हेतूमुळे एक निंद्य ठरतो आणि दुसरा स्तुत्य. फसवणाऱ्या सैतानाला त्याच्याच रीतीने उत्तर मिळाले आणि अखेर त्यात त्याचेही भलेच होते, असे त्याचे म्हणणे होते.

हे उत्तर चतुर आहे. तरीही ख्रिस्तसभेचा विचार तेथे थांबला नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप संत अन्सेल्म यांनी 'देव मनुष्य का झाला' या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. तो १०९८ साली पूर्ण झाला. सैतानाचा माणसावर कोणताही न्याय्य हक्क नव्हता, तेव्हा त्याच्याशी सौदा करण्याची किंवा त्याला चकवण्याची गरजच नव्हती, अशी त्यांची मांडणी होती. ख्रिस्ताचे मरण ही पित्याच्या चरणी मोकळ्या मनाने केलेली अर्पणाची कृती आहे. गळाचा दृष्टान्त त्यानंतर मागे पडत गेला.

गुळातल्या औषधाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अवघड नाही. लहान मुलाला अजून समज आलेली नसते, म्हणून त्याच्या वतीने आई निर्णय घेते. शिवाय औषध देऊन आई निघून जात नाही, ती उशाशी बसून राहते. मूल मोठे झाले की ती त्याला सांगतेही की तुला असे औषध देत होते. पण जाणत्या माणसाला आपण असेच गुळात घालून काही देऊ लागलो, तर आपण त्याला कायमचे मूल ठरवतो. गरीब आहे म्हणून, शिकलेला नाही म्हणून, म्हातारा आहे म्हणून कोणी अजाण ठरत नाही.

नेमकी हीच गोष्ट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केली. ७ डिसेंबर १९६५ या एकाच दिवशी परिषदेचे दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले. एक धर्मस्वातंत्र्याविषयी, दुसरा मिशनकार्याविषयी. श्रद्धेचा प्रसार करताना सक्तीचा किंवा अप्रतिष्ठित मार्ग कधीही वापरू नये, गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी, असे पहिला सांगतो. कोणालाही जबरदस्तीने किंवा गैर युक्त्यांनी भुलवून श्रद्धेकडे आणण्यास ख्रिस्तसभा सक्त मनाई करते, असे दुसरा सांगतो. अन्याय्य छळ करून कोणाला श्रद्धेपासून हुसकावू नये, हा हक्कही तो तेथेच मागतो. दोन्ही बाजूंना एकच न्याय.

आपल्या देशात ख्रिस्ती लोकांवर आमिषाचा आरोप वारंवार होतो. ओडिशात १९६७ साली आणि मध्य प्रदेशात १९६८ साली जे कायदे झाले, त्यांत बळजबरी व फसवणूक यांबरोबर प्रलोभनाचाही समावेश होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. त्यानंतर अनेक राज्यांनी असे कायदे केले. शाळेतील, दवाखान्यातील निखळ सेवेलाही आमिष म्हटले जाते तेव्हा मनाला यातना होतात, आणि त्या अन्यायाविरुद्ध बोलण्याचा आपल्याला हक्क आहे. पण त्याबरोबर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आमिषाला आपला विरोध कोणत्याही कायद्याच्या भीतीपोटी नाही. कायदा नसता तरी तो असायला हवा. आमिषाने मिळवलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, कारण श्रद्धा म्हणजे मोकळ्या माणसाने देवाला दिलेला होकार. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ साली लिहिलेल्या आपल्या पहिल्या परिपत्रकात हेच सांगितले आहे. देव प्रेम आहे, हा त्या परिपत्रकाचा विषय. प्रेम विनामूल्य असते. दुसरे काही साधण्यासाठी ते केले जात नाही, असे त्यांनी त्यात समजावले.

मग प्रभूने पेत्राला माणसे धरणारा केले त्याचा अर्थ काय? लूकच्या शुभवर्तमानातील त्या प्रसंगी मूळ भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'जिवंत धरणे' असा होतो. मासा धरला की मरतो. प्रभूला हवे आहे ते धरणे जगवणारे आहे. शिवाय त्या प्रसंगात गळ नाही, आमिषही नाही. आहे ते जाळे, आपल्या डोलीसारखेच आमिष नसलेले. अर्थात जाळेही धरतेच, आणि कोणताही दृष्टान्त फार ताणू नये. पण प्रभूचे स्वतःचे वागणे पाहिले की शंका उरत नाही.

योहानच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून वाचा. प्रभूने पाच हजारांना पोटभर भाकर दिली. दुसऱ्या दिवशी तीच माणसे त्याला शोधत सरोवराच्या पलीकडे आली. आपल्यापैकी कोणी असता तर म्हणाला असता, गर्दी आली आहे, आणखी एकदा भाकरी वाटू या आणि मग हळूच मूळ विषयाकडे वळू या. प्रभूने उलट केले. तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता, असे त्याने तोंडावर सांगितले आणि आपल्या देहाचे व रक्ताचे कठीण वचन त्यांच्यापुढे ठेवले. पुष्कळ जण निघून गेले. त्याने त्यांना परत बोलावण्यासाठी भाकर पुढे केली नाही. उलट बारा जणांकडे वळून, तुम्हालाही जायचे आहे काय, असे विचारले. आमिष दाखवणारा असा प्रश्न कधीच विचारणार नाही. गळाला लागलेल्या माशाला जायची वाट नसते.

भाकर मात्र खरी होती, हे विसरू नये. भुकेलेल्यांना त्याने भाकर दिली कारण ते भुकेले होते. पुढे जे निघून गेले त्यांनीही ती खाल्ली होती, आणि त्यांच्याकडून ती परत मागितली गेली नाही.

म्हणून दान आणि आमिष यांतील फरक वस्तूत नाही. तांदळाची तीच गोणी दानही होऊ शकते आणि आमिषही. ओळखायचे कसे? आम्हांला दोन कसोट्या सुचतात. पहिली: होडी दाखवता येते काय? मी हे का करतो आहे हे समोरच्याला उघडपणे सांगितले, तर माझे काम बिघडेल काय? बिघडणार असेल तर ते आमिष आहे. दुसरी: समोरच्याला नाही म्हणता येते काय, आणि नाही म्हटल्यावरही माझे त्याच्याशी वागणे तेच राहील काय? बदलणार असेल तर दोऱ्याला गळ आहे.

या कसोट्या आपल्या धर्मग्रामाला लावून पाहू या. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद एखाद्या घरी दरमहा धान्य पोहोचवतात. ते कुटुंब उद्या मिस्साला यायचे थांबले, तर धान्य थांबेल काय? तरुणांना सहल म्हणून बोलावले आणि तेथे गेल्यावर ते पाचारण शिबिर निघाले, तर पुढच्या वर्षी आपल्या शब्दावर विश्वास कोण ठेवील? पाचारण शिबिर आहे असे आधीच सांगितले तर कदाचित चाळीसाऐवजी बाराच येतील. पण ते बारा जण आपल्या पायांनी आलेले असतील. लग्न जुळवताना मुलाचे व्यसन किंवा मुलीचे आजारपण दडवून ठेवणे, नंतर सर्व ठीक होईल म्हणणे, हेही फळी लावणेच आहे. संस्काराच्या वेळी दिलेला होकार मोकळा असावा असे ख्रिस्तसभा मागते ते याचसाठी. आणि घरात मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवताना बक्षीस द्यावे काय? उघडपणे दिलेले लहानसे बक्षीस वाईट नाही, शाळेतही ते असते. पण प्रभूकडे जाण्याचे कारण म्हणून त्याला केवळ मोबाईलच ठाऊक असेल, तर मोबाईल हाती आल्यावर तो वर्गाला का जाईल? आपण स्वतः मिस्साला का जातो, हे आईबापांनी मुलांना साध्या शब्दांत सांगावे. आपली होडी त्यांना दिसू द्यावी.

असे केले तर माणसे कमी येतील, अशी भीती वाटणे साहजिक आहे. २००७ साली ब्राझीलमधील अपारेसिदा येथे पोप बेनेडिक्ट यांनी या भीतीला उत्तर दिले होते. ख्रिस्तसभा माणसे फितवून वाढत नाही, ती आकर्षणाने वाढते, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय होता. आकर्षण आणि आमिष यांत मोठे अंतर आहे. आमिषात ओढणारी वस्तू एक असते आणि मिळणारी वस्तू दुसरी. आकर्षणात जे ओढते तेच मिळते. वधस्तंभावर उंचावला गेल्यावर आपण सर्वांना आपल्याकडे ओढून घेऊ, असे प्रभूने म्हटले. वधस्तंभ म्हणजे काही आमिष नव्हे. तेथे काहीच झाकलेले नाही, जखमासुद्धा नाहीत.

खोलीविषयी शेवटचे दोन शब्द. आमिष दाखवणारा आणि प्रेम करणारा, दोघेही माणसाच्या दुःखाच्या खोलीपर्यंत पोहोचू पाहतात. आमिष दाखवणारा स्वतः वर कोरडा बसतो आणि मापून दोरा सोडतो. प्रभू मात्र स्वतः खाली उतरला. त्याने आपल्याला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि मरणाच्या तळापर्यंत आला, असे संत पौल फिलिप्पैकरांना लिहितो. त्याने दुसरे काही पाठवले नाही. तो स्वतःच आला. एखाद्या दुःखी घरात जाताना आपल्या हातात काय आहे याची फार चिंता करू नये. आपण स्वतः आत जातो आहोत की दारातून दोरा सोडतो आहोत, एवढेच पाहावे.

या आठवड्यात आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहांत या दोन कसोट्यांवर बोलावे, अशी विनंती. ज्याला आपण मदत करतो त्याला आपला हेतू माहीत आहे काय? आणि तो आपल्याला निर्धास्तपणे नाही म्हणू शकतो काय? पेत्राला जाळ्यांपासून बोलावणारा प्रभू आपल्या बोलण्यात सत्य आणि आपल्या देण्यात मोकळेपणा देवो.